प्रजाती की संपूर्ण मुलूख? गोव्यातील वन्यजीव संरक्षणाविषयीच्या एका प्रश्नाचे उत्तर

सत्तरी तालुक्यातील एका पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या सदस्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "एकीकडे व्याघ्रप्रकल्पाची मागणी होते, दुसरीकडे किनाऱ्यावर कासवांची घरटी राखली जातात आणि तिसरीकडे म्हादईचे सगळे खोरेच वाचवले पाहिजे असे सांगितले जाते. एकेका प्राण्यासाठी काम करणे योग्य, की सगळा मुलूख राखणे? आमच्यासारख्या लहान समितीने सुरुवात कुठून करावी?"

"दोन्ही आवश्यक आहेत" असे एका ओळीचे उत्तर या प्रश्नाला देता येईल आणि ते खोटेही ठरणार नाही. परंतु ज्या समितीकडे माणसे मोजकी आणि पैसा त्याहून मोजका आहे, तिला त्याचा काही उपयोग नाही. सत्तरी, सांगे आणि काणकोण या भागांत अनेक वर्षे वन्यजीवांच्या नोंदी घेताना माझे जे मत बनले, ते आधी सांगतो. कोणत्या पातळीवर काम करायचे हे तो प्राणी कशाने मरतो, किंवा त्याची वीण कशाने थांबते, यावर ठरवावे. कारण एखाद्या वस्तूत, एखाद्या जागेत किंवा माणसांच्या एखाद्या सवयीत असेल, तर त्या प्रजातीसाठी थेट काम करावे लागते. कारण साऱ्या मुलखात पसरलेले असेल, तर मुलूखच हाताळावा लागतो. आपल्याकडे बहुतेक वेळा कारण निश्चित न करताच उपाय निवडला जातो आणि मग वर्षानुवर्षे कष्ट करूनही प्राणी कमी होत राहतो.

गिधाडांचे उदाहरण या बाबतीत सर्वांत स्पष्ट आहे. भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जंगले होती, कडे होते, उंच झाडे होती आणि खाण्यासाठी मेलेली गुरेही होती. तरीही गिधाडे मरत होती, कारण गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जाऊन त्यांचे मूत्रपिंड निकामी करत होते. हे कारण २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पुढे माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जातात हे लक्षात आल्यावर २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आला, आणि त्याच प्रकारची हानी करणाऱ्या ॲसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेन या औषधांवर २०२३ मध्ये बंदी आली. कितीही मोठे अभयारण्य घोषित केले असते तरी ते या पक्ष्याला वाचवू शकले नसते, कारण त्याचा मृत्यू औषधांच्या दुकानातून येत होता. "मुलूख राखला की त्यातील सगळे आपोआप राखले जाते" या विधानावर मी विश्वास ठेवत नाही तो यामुळे.

आपल्याच परिसरातले लहानसे उदाहरण पावसाळी बेडकांचे आहे. पहिल्या जोरदार पावसानंतर मोठे बेडूक विणीसाठी शेतात आणि डबक्यांत एकत्र येतात, नर रात्रभर ओरडत राहतात आणि नेमक्या त्याच रात्री बॅटरीच्या उजेडात त्यांना मांसासाठी पकडले जाते. विणीपूर्वीच प्रौढ बेडूक गेल्यामुळे हानी एका पिढीपुरती राहत नाही. ती डबकी आणि ती शेते जशीच्या तशी राहिली तरी ही हानी थांबत नाही. येथे काम आहे ते जूनच्या पहिल्या आठवड्यांत रात्री गस्त घालण्याचे, हॉटेलांतील मागणी बंद पाडण्याचे आणि हा कायद्याने गुन्हा आहे हे गावात पुन्हा पुन्हा सांगण्याचे. असे काम एखादी पंचायत स्वतःच्या बळावर करू शकते.

कासवांच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवांची मादी वाळूत अंडी घालून समुद्रात परत जाते. मोरजीत १९९०च्या दशकात गावकऱ्यांच्या सहभागाने घरट्यांची राखण सुरू झाली. तोपर्यंत अंडी खणून नेली जात, कुत्री घरटी उकरत. त्यामुळे घरट्याला कुंपण घालणे आणि धोक्याच्या जागेवरील अंडी सुरक्षित जागी हलवणे हा नेमका आणि योग्य उपाय होता. सुमारे ५० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि समुद्राकडे जातात, तेव्हा जमलेल्या लोकांना काम पूर्ण झाल्याचे समाधान मिळते. परंतु घरट्याचा धोका दूर झाल्यावर कासवाला मारणारी कारणे बदलतात. किनाऱ्यावरील दिव्यांमुळे पिल्ले भरकटतात आणि माद्या वाळूवर यायला कचरतात. समुद्रात ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलेले प्रौढ कासव श्वासासाठी वर येऊ शकत नाही आणि बुडून मरते. अंड्यांतून नर निघणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते; वाळू जितकी गरम, तितक्या माद्या अधिक. म्हणजे घरटे हलवताना सावली, खोली आणि जागा यांचा विचार केला नाही, तर चांगल्या हेतूने केलेल्या कामातूनही पिल्लांमधील नर-मादी प्रमाण बिघडू शकते. किती पिल्ले सोडली हा आकडा दरवर्षी अभिमानाने जाहीर होतो. तो जाहीर व्हावाच, पण त्यासोबत त्या मोसमात किनाऱ्यावर किती प्रौढ कासवे मेलेली सापडली आणि रात्री किती दिवे जळत होते, याचीही नोंद प्रसिद्ध व्हायला हवी. कासवाला प्रौढ होण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. ते वय गाठलेली एक मादी जाळ्यात मेली, तर तिची जागा भरून काढायला पिल्लांच्या कित्येक खेपा लागतात.

आता वाघाकडे येतो, कारण प्रश्नाचा रोख तिकडेच आहे आणि सत्तरीत या विषयावर शांतपणे बोलणे अवघड झाले आहे.

गोव्याचे एकूण क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. पूर्वेच्या सीमेवर उत्तरेकडून दक्षिणेकडे म्हादई अभयारण्य सुमारे २०८, भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४०, नेत्रावळी २११ आणि खोतीगाव ८६ चौरस किलोमीटर, अशी जवळजवळ सलग पट्टी आहे. यांपैकी म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्ये १९९९ मध्ये, राष्ट्रपती राजवटीच्या काळात, राज्यपाल जे. एफ. आर. जेकब यांच्या कारकिर्दीत घोषित झाली. या पट्टीच्या पलीकडे कर्नाटकात भीमगड अभयारण्य आणि काळी व्याघ्रप्रकल्प आहेत, तर उत्तरेला महाराष्ट्रात तिळारीचे संवर्धन राखीव क्षेत्र आणि त्यापुढे राधानगरी व सह्याद्री व्याघ्रप्रकल्प आहे. वाघाच्या अंगावरील पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांवरून एकेक वाघ ओळखता येतो. वाघ या तिन्ही राज्यांत ये-जा करतो आणि त्याला सीमेचा दगड दिसत नाही. २०१८च्या राष्ट्रीय गणनेत गोव्याच्या नावावर ३ वाघ होते. असे लहान आकडे पुढे करून "गोव्यात वाघ आहेतच कुठे" असा युक्तिवाद केला जातो, तेव्हा संपूर्ण घराचा एकच कोपरा पाहून घरात किती माणसे राहतात ते ठरवण्यासारखे ते होते. गोव्याचा पट्टा हा काळीपासून सह्याद्रीपर्यंतच्या एका मोठ्या वसतिस्थानाचा मधला भाग आहे आणि त्याचे महत्त्व तेथे वर्षभर किती वाघ राहतात यापेक्षा, तेथून किती वाघ सुरक्षित जाऊ शकतात आणि तेथे वाघीण पिल्ले वाढवू शकते की नाही, यावर ठरते.

वाघीण तेथे पिल्ले वाढवू शकते हे सिद्ध झाले होते. ते ज्या प्रकारे सर्वांना कळले, ती घटना मला आजही अस्वस्थ करते. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातील गोळावली परिसरात एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले विषबाधेने मेली. त्याआधी तेथे गुरे मारली गेली होती आणि मारलेल्या जनावराच्या मांसात विष कालवले गेले होते. त्याच तालुक्यात २००९ मध्ये केरी भागात फासात अडकलेला वाघ मारल्याचे प्रकरण उघडकीस आले होते. या दोन्ही वेळी प्रजातीसाठीचा कायदा होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या पहिल्या अनुसूचीत वाघाला सर्वोच्च संरक्षण आहे. मुलखाची सीमारेषाही होती. अभयारण्य १९९९ पासून कागदावर आहे. तुटली होती ती या दोहोंमधली कडी. अभयारण्यात राहणाऱ्या कुटुंबांच्या हक्कांची निश्चिती वर्षानुवर्षे अपुरी राहिली होती, आणि ज्याच्या दावणीचे जनावर जाते त्याला नुकसानभरपाई वेळेत व सन्मानाने मिळेल याचा विश्वास नव्हता. विष घालण्याचे समर्थन कोणीही करू नये, मी तर मुळीच करणार नाही. परंतु म्हैस गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला असता आणि रक्कम महिन्याभरात हातात पडली असती, तर ते विष कालवले जाण्याची शक्यता बरीच कमी झाली असती, असे माझे ठाम मत आहे. सत्तरी आणि सांग्यात वाघ्रो देवाच्या पाषाणाची पूजा आजही होते. ही श्रद्धा खरी आहे आणि तिचा आधार फार मोलाचा आहे. तथापि, गेलेल्या म्हशीची किंमत श्रद्धेने भरून निघत नाही आणि तो भार सर्वांत गरीब कुटुंबावर टाकणे अन्यायाचे आहे.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये राज्याला तीन महिन्यांत व्याघ्रप्रकल्प अधिसूचित करण्याचा आणि हक्कांची निश्चिती मुदतीत पूर्ण करण्याचा आदेश दिला. राज्य सरकारने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. व्याघ्रप्रकल्प व्हावा असे माझे मत आहे आणि त्याचे कारण वाघापुरते नाही. साधे अभयारण्य स्वतःच्या सीमेच्या आतच पाहते. व्याघ्रप्रकल्पाला मात्र गाभा क्षेत्र, भोवतालचे बफर क्षेत्र आणि दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणारे मार्ग यांचा एकत्रित व्यवस्थापन आराखडा करावा लागतो आणि अशा जोडमार्गांचा वापर बदलण्यापूर्वी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला व राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी लागते. म्हणजे नाव एका प्रजातीचे असले, तरी कायद्यातील ते मुलूख राखण्याचे सर्वांत भक्कम साधन आहे. गावे उठवली जातील ही भीती खरी आहे आणि तिला उडवून लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. परंतु वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८-व्ही कलमात वनहक्कांची मान्यता पूर्ण झाल्याशिवाय आणि लोकांची संमती घेतल्याशिवाय पुनर्वसन करता येत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. ग्रामसभेने हे कलम मराठीत वाचून घ्यावे आणि वनहक्क कायदा २००६ खालील प्रलंबित दाव्यांचा पाठपुरावा आधी करावा. हक्क नोंदलेले असले की भीतीला आणि अफवेला जागा उरत नाही.

मुलखाच्या पातळीवर काम करणाऱ्यांचीही एक अडचण आहे. त्यांच्या हातातले मोजमाप फार ढोबळ असते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत गोव्याचे वनाच्छादन सुमारे ६० टक्के दिसते. एक हेक्टरहून मोठ्या कोणत्याही जमिनीवर झाडांची छाया १० टक्क्यांहून अधिक असेल, तर मालकी आणि वापर न पाहता ती वनाच्छादनात मोजली जाते. काजूची बागायत, रबराची लागवड, माडांच्या रांगा हे सगळे त्यात येते. धनेश पक्ष्याला मात्र हा फरक नेमका कळतो. गोव्यात धनेशाच्या चार जाती आहेत आणि त्यांतील महाधनेशाच्या मादीला स्वतःला कोंडून घेऊन पिल्ले वाढवण्यासाठी जुन्या, जाड खोडातील ढोली लागते. नर वड-उंबरांची आणि इतर रानफळे आणून तिला भरवतो, त्यामुळे महिनोन्महिने फळे देणारी झाडे जवळपास असावी लागतात. उपग्रहाच्या चित्रात हिरवा दिसणारा रबराचा डोंगर त्याच्यासाठी ओसाडच असतो. उलट, महसुली नोंदीत "पडीक" म्हणून लिहिलेला जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे सपाट पठार, पावसाळ्यात जिवंत असतो. २०१८ मध्ये शास्त्राला नव्याने कळलेला आणि गोव्याचे नाव दिलेला मिनर्वार्या गोएमची हा बेडूक अशाच सड्यांवरील आणि शेतांतील तात्पुरत्या पाण्यात वीण करतो. म्हणून मुलूख राखला की नाही हे तपासण्यासाठी काही निवडक प्रजातींची नियमित नोंद घ्यावीच लागते. नकाशावरील हिरवा रंग पुरावा म्हणून मी स्वीकारत नाही.

गोव्याचा वन्यजीव फक्त घाटात आहे असा समज असतो, तोही चुकीचा आहे. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्याचे क्षेत्र अवघे १.७८ चौरस किलोमीटर आहे. तेथील खारफुटीत दिसणारी पाणमांजरे तेवढ्यात राहत नाहीत. ती मांडवी, तिच्या खाड्या आणि भोवतालची खाजन शेते, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेते, वापरतात. खाजनाचे बांध गावाने राखले, मानशीची (बांधातील पाणी सोडण्या-अडवण्याच्या जागेची) दारे भरती-ओहोटीनुसार उघडली-मिटली, तर भात, मासळी आणि पाणमांजर तिघांनाही जागा राहते. बांध फुटून खारे पाणी कायमचे शिरले किंवा भराव टाकून बांधकाम झाले, तर एकाही पाणमांजराला कोणी हात न लावता ती तेथून नाहीशी होतात. येथे पाणमांजरासाठी वेगळी योजना आखण्याची गरज नाही. बांधाची दुरुस्ती हीच त्याची योजना आहे.

रस्ते, लोहमार्ग आणि वीजवाहिन्या यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते समितीच्या हातातले नाही. मोले येथून जाणाऱ्या तीन प्रकल्पांविरुद्ध २०२० मध्ये गोव्यातील तरुणांनी मोठे आंदोलन उभारले आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. रस्ता अपरिहार्य असेल तेथे खालून पुरेसा रुंद मार्ग सोडला तर प्राणी तो वापरतात. पेंच परिसरात राष्ट्रीय महामार्ग ४४ खालून वाघ जातानाची छायाचित्रे उपलब्ध आहेत. म्हादईचे पाणी वळवण्याचा प्रश्न याहून मोठा आहे. राज्यांमधला हा पाणीतंटा सोडवणाऱ्या लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. उगमाकडचे पाणी कमी झाले तर एप्रिल-मे महिन्यांत व्हाळांच्या (ओढ्यांच्या) कोंडी आटतील, आणि त्याची भरपाई खालच्या बाजूच्या कोणत्याही संरक्षण योजनेने होणार नाही.

आता समितीच्या कामाविषयी. लोक जैवविविधता नोंदवहीत शंभर प्रजातींची नावे उतरवण्यापेक्षा आपल्या हद्दीतील पाच-सहा प्रजाती निवडाव्यात आणि प्रत्येकीपुढे ती कशाने मरते, कुठे, कोणत्या महिन्यात, आणि ती जागा कोणाच्या मालकीची आहे, एवढेच लिहावे. हे लिहायला बसले की काय करायचे ते बहुतेक वेळा त्याच पानावर दिसू लागते. कुळागरांच्या (सुपारीच्या बागांच्या) कडेला रानडुकरांसाठी लावलेले तारेचे फास हे सत्तरीतील उत्तर असण्याची शक्यता दाट आहे, कारण फास डुक्कर आणि बिबट्या यांत भेद करत नाही. त्यासाठी दर महिन्याला कुळागर मालकांसोबत कडा चालून फास काढणे आणि पिकाच्या नुकसानीचे अर्ज त्याच फेरीत भरून घेणे, ही दोन्ही कामे एकत्र करावीत. फक्त फास काढणाऱ्याला दुसऱ्यांदा कोणी आपल्या कुळागरात येऊ देत नाही.

गावात देवराई असेल तर तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. ब्रह्मकरमळीजवळची निरंकाराची राय ही जायफळाच्या कुळातील झाडांची पाणथळ राई आहे आणि तिथली मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात. अशा राईतील एकही झाड तोडले नाही, तरी वरच्या अंगाला कूपनलिका मारली किंवा व्हाळाचे पाणी बागायतीकडे वळवले तर ती हळूहळू वाळते. म्हणून राईची हद्द नोंदवताना तिला पाणी देणारा व्हाळ उगमापर्यंत नोंदवावा आणि त्याबाबतचा ठराव ग्रामसभेत मंजूर करून घ्यावा.

शेवटचे काम मात्र या पावसाळ्यापूर्वीच करावे. जंगली जनावराने गुरे मारल्यास कोणाला फोन करायचा, पंचनाम्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात आणि पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागेवरून का हलवू नये, हे एका पानावर मराठीत आणि कोंकणीत छापून अभयारण्यालगतच्या प्रत्येक गोठ्यात पोहोचवावे. दाखल झालेल्या प्रत्येक अर्जाची तारीख आणि रक्कम मिळाल्याची तारीख समितीने स्वतःच्या वहीत लिहून ठेवावी, आणि ती वही दर तीन महिन्यांनी वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांसमोर ठेवावी.